सॅक दिला खरा, पण बिल निघणार का? इंजिनवर तपासायची आमची पद्धत

आमच्या बुद्धिबळाच्या ग्रुपात एक जण आहे, नाव नको, समोरच्यानं पेट्रॉफ (काळ्याची एक ओपनिंग, म्हणजे डावाची ठरलेली सुरुवात) खेळला की हा डोळे झाकून चौथ्या चालीला घोडा एफ७ वर, काळ्या राजाशेजारच्या प्याद्यावर, मारतो. म्हणजे ई४ ई५, घोडा एफ३ घोडा एफ६, घोडा ई५ चं प्यादं खातो, काळा डी६, आणि आता मुकाट्यानं मागं यायचं सोडून घोडा धाडदिशी एफ७ वर. कॉक्रेन गॅम्बिट. दोन प्याद्यांच्या बदल्यात एक अख्खा घोडा, म्हणजे सॅक, जाणूनबुजून दिलेला मोहरा. (हा कॉक्रेन एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात वकिली करायचा आणि तिथल्या महेशचंद्र बॅनर्जींबरोबर खेळायचा, म्हणजे हा उद्योग तसा आपल्याकडचाच.) परवाच्या रविवारी रॅपिडमध्ये (झटपट डावांच्या स्पर्धेत) आमच्या गड्यानं असाच घोडा दिला, जिंकला पण, आणि मग राजारामपुरीत मिसळ खाताना जे व्हायचं तेच झालं, दोन मोबाईल बाहेर निघाले, त्यावर इंजिन, म्हणजे चाली मोजून कोण किती वर आहे ते आकड्यात सांगणारा प्रोग्राम. माझ्या मोबाईलवर काळा एकच्या आसपास वर, दुसऱ्याच्या मोबाईलवर दीडच्या पुढं, आणि हा पठ्ठ्या कट वाटीत ओतून घेत म्हणतोय, "अरे मी जिंकलोय की लगा, आकडा काय चाटायचाय?"

रस्सा गार झाला तरी भांडण मिटलं नाही. म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू, कारण हा घोळ सगळेच घालतात. सॅक बरोबर का चूक हे बघायला इंजिन लावायचं, पहिला आकडा दिसला की मोबाईल खिशात. हे सगळं गेम झाल्यावर करायचं हे वेगळं सांगायला नको, हॉलमध्ये खिशात मोबाईल सापडला तर सॅक राहू दे, गेमच जाईल.

आधी एक गोष्ट डोक्यात क्लिअर पाहिजे, तुम्ही मोहरा दिलाय तर बदल्यात काय आणि कधी मिळणार. आपल्याकडं कुणालाही कळेल असं सांगायचं तर सॅक म्हणजे कारखान्याला ऊस घालणं. तोड झाली, ट्रॉली गेली, फड मोकळा, आता बिल कधी. कायद्यात १४ दिवस लिहिलेत, पण प्रत्यक्षात काय ते ज्याचं त्याला माहीत. सॅकची बिलंही तशीच असतात. काही रोखीची, उंट दिला आणि तीन चालींत वजीर नाहीतर मात. काही हप्त्याची, आधी एक प्यादं, मग समोरच्याचं कॅसलिंग (राजाला हत्तीआड सुरक्षित नेणं) मोडलं, मग अजून एक प्यादं, मग कधीतरी हत्ती. आणि काही अशी की बिल कागदावर कुठंच नाही, नुसतं समोरच्याचे मोहरे अडकलेत आणि आपले मोकळे आहेत. रोखीच्या सॅकवर डोकं खपवू नका, ते इंजिन दोन सेकंदांत सांगतं आणि बरोबरच सांगतं. खरं काम पुढच्या दोन प्रकारांत आहे.

आता पद्धत. सगळ्यात आधी इंजिन बंद. हो, बंद. पट मांडा आणि समोरच्याच्या बाजूनं बसा, खरंच खुर्ची फिरवा किंवा बोर्ड उलटा करा, आणि त्याच्याकडं कुठली कुठली उत्तरं आहेत ते कागदावर लिहा. मी हे शिकलो ते मार खाऊन. एका स्पर्धेत इचलकरंजीचा आठवीतला पोरगा समोर होता, माझा उंट डी३ वर, घोडा एफ३ वर, प्यादं ई५ वर, त्याचं कॅसलिंग झालेलं, एफ६ वर घोडा नाही, म्हटलं हे तर पुस्तकातलंच. उंट एच७ खाऊन शह, राजानं उंट खाल्ला, घोडा जी५ शह, राजा जी८, वजीर एच५, आता एच७ वर मात थांबवून दाखव. पोरानं दहा सेकंद घेतली आणि सी८ चा उंट एफ५ वर ठेवला. बास. एच७ वर पहारा बसला. मी जी४ ढकललं तर उंट जी६ वर आला, तिथून एच७ पण धरलं, एफ७ पण धरलं आणि वर माझ्या वजिरावर नजर. "काका, तुमची चाल," म्हणाला. झालं काय होतं, त्याचं प्यादं ई६ वर नव्हतं, त्यामुळं सी८ च्या उंटाची वाट सताड मोकळी होती, आणि मी पुस्तकातला डाव ई६ वर प्यादं असलेल्या पटावर बघितलेला. मोहऱ्यांची जागा सगळी तीच, एक प्यादं इकडचं तिकडं आणि इस्कोट. घरी इंजिन लावलं तर ते उत्तर पहिल्या सेकंदाला दाखवतंय, त्याला काय कौतुक, पण मी आधीच इंजिन लावलं असतं तर मला एवढंच कळलं असतं की सॅक चूक आहे, का चूक ते कळलं नसतं. म्हणून आधी कागद.

मग इंजिन लावायचं, पण सॅकच्या आधीच्या पोझिशनवर लावू नका. सॅकची चाल पटावर खेळून टाका आणि मग त्याला विचार करू द्या. याचं कारण असं की स्टॉकफिश काय किंवा दुसरं कुठलंही इंजिन काय, सगळ्या चाली सारख्या खोल बघत नाही, बघूच शकत नाही. ज्या चाली पहिल्या नजरेला भिकार दिसतात त्या ते वरवर बघून बाजूला सारतं, आणि फुकटात मोहरा देणारी चाल पहिल्या नजरेला भिकारच दिसणार. १९९८ साली लिनारेसच्या स्पर्धेत टोपालोव विरुद्ध शिरोव असा दोन ग्रँडमास्टरांचा डाव झाला, त्यात एंडगेममध्ये शिरोवनं ४७ व्या चालीला काळा उंट एच३ वर नुसता ठेवून दिला, खा म्हणाला. कारण काय, तर राजाला एफ५ मार्गे ई४ पर्यंत जायला एक चाल वाचवायची होती. त्या काळातल्या इंजिनांना ही चाल दिसायची नाही. आजची इंजिनं वेळ दिला की काढतात. ती पोझिशन मांडून आपल्या मोबाईलवर बघा, किती वेळानं ती चाल यादीत वर येते ते, आणि मग स्वतः उंट एच३ वर ठेवून बघा आकडा किती लवकर बदलतो. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की वरचा सगळा परिच्छेद विसरला तरी चालेल.

चाल खेळून झाल्यावर घाई नको. डेप्थ १६-१८ वर ब्राउझरमधलं इंजिन आकडा दाखवतं तो नुसता अंदाज आहे, आणि डेप्थ म्हणजे किती पुढं बघितलं ते, अर्ध्या चालींत मोजलेलं बरं का, ३० डेप्थ म्हणजे दोघांच्या मिळून ३०. आमच्या मिसळीच्या टेबलावर दोन मोबाईलचे दोन आकडे आले ते यामुळंच, एक स्वस्तातला फोन लवकर थांबला, दुसरा पुढं गेला. मी काय करतो, डेप्थ २० ला आकडा लिहितो, २५ ला लिहितो, ३० ला लिहितो, जमलं तर रात्री लॅपटॉपवर लावून ३५-४० पर्यंत जाऊ देतो. आकडा किती यापेक्षा चालला कुठं ते बघायचं. खरा दमदार सॅक बऱ्याचदा आधी उणे दाखवतो आणि डेप्थ वाढेल तसा वर चढत येतो. फुसका सॅक उलटा, शह संपत आले की हळूहळू खाली घसरतो. त्यातही एक चकवा आहे, इंजिनाला दूरवर वाईट दिसायला लागलं की ते मधे उगाच शह नाहीतर बिनकामाची मारामारी घुसवतं म्हणजे वाईट बातमी त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर जाते. उधारीवाला दिसला की माणूस गल्ली बदलतो तसं. बुद्धिबळाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या हान्स बर्लिनर यांनी १९७३ मध्येच याला होरायझन इफेक्ट असं नाव दिलंय. आता इंजिनं खूप सुधारलीत पण रोग पूर्ण गेलेला नाही. त्यामुळं इंजिनानं दाखवलेल्या लाईनमध्ये (पुढच्या चालींच्या साखळीत) निरर्थक शह दिसले तर ते खेळून पुढं जा आणि तिथं परत विचार करू द्या. मग पाठीमागं या, परत आकडा बघा. डेस्कटॉपवर हॅश मेमरी जरा जास्त दिली असेल तर पुढं बघितलेलं त्याच्या लक्षात राहतं आणि मागं आल्यावर आकडा बदललेला दिसतो. हे पुढं-मागं करणं कंटाळवाणं आहे, पण निम्मं काम यातच होतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, एकच लाईन बघू नका, तीन ते पाच लाईन चालू करा. सेटिंगमध्ये मल्टिपीव्ही नाहीतर मल्टिपल लाईन्स असं असतं. सॅक दिल्यावर बचाव करणाऱ्याच्या किती चाली टिकतात ते मोजायचं. इथं आमच्या गड्याचा कॉक्रेन आणि दुसरा एक एफ७ चा सॅक शेजारी शेजारी ठेवतो, दोन्हींत घोडा एफ७ वरच मरतो, पण प्रकरण दोन टोकांचं आहे.

दुसरा म्हणजे फ्राईड लिव्हर. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५, डी५, ई-प्यादं डी५ खातं, आणि काळ्यानं घोड्यानं ते परत खाल्लं की घोडा एफ७ वर. राजानं घोडा खाल्ला, वजीर एफ३ वर शह. आता काळ्याच्या चाली मोजा. डी५ चा घोडा राजासमोर उंटाच्या रेषेत बांधला गेलाय, त्याच्यावर वजिराचीही नजर आहे, राजा मागं पळाला तर उंट घोडा खातो. मोहरा टिकवायचा तर राजानं ई६ वर, पटाच्या मधोमध, स्वतः चालत जायचं. नाद खुळा चाल, पण दुसरी नाही. मग पांढरा घोडा सी३ वर आणतो, डी५ वर तिसरा मार. काळ्याचं एक मुख्य उत्तर घोडा बी४, डी५ ला टेकू आणि सी२ वर डोळा. आता पांढरा ए३ खेळतो, आणि इथं मजा बघा, काळा सी२ चं प्यादं शह देऊन खातो, राजा डी१, मग ए१ चा हत्ती पण खातो, आणि पांढरा शांतपणे डी५ चा घोडा उचलतो. हिशोब केला तर पांढरा बरोबर एक हत्ती कमी आहे, प्यादी सारखी. तरी इंजिन पांढऱ्याच्या बाजूनं. का? काळ्याचा वजीर, दोन्ही उंट, दोन्ही हत्ती घरातून हललेले नाहीत, ज्यानं एवढं खाल्लं तो घोडा ए१ च्या कोपऱ्यात पोट धरून बसलाय, राजा ई६ वर उघड्यावर, आणि पांढऱ्याचा डी५ चा घोडा जिथं जाईल तिथं मागून उंटाची शह उघडणार. पटावर मोहरे किती यापेक्षा भांडणाच्या जागी मोहरे किती हे मोजायचं, ते असं.

आता कॉक्रेन. घोडा एफ७, राजानं खाल्ला, पांढरा डी४. शह आहे का? नाही. काही बांधलं गेलंय का? नाही. पाच लाईन लावून बघा, काळ्याला एक सोडून बऱ्याच चाली चालतात, जी६ आहे, सी५ आहे, उंट ई७ आहे. एक खड्डा आहे तो म्हणजे घोड्यानं ई४ चं प्यादं खाणं, मग वजीर एच५ शह, जी६ केलं तर वजीर डी५ वर परत शह आणि ई४ चा घोडा पण मारात, घोडा परत गेला. आमच्या गड्याच्या निम्म्या पॉइंटांचं गुपित हा खड्डा आहे. ज्याला तो माहीत आहे त्याच्याविरुद्ध पांढऱ्याकडं उरतं काय, तर दोन जादा प्यादी, मधली फळी, आणि काळ्याला कॅसलिंग करता येत नाही एवढं समाधान. म्हणून आकडा काळ्याच्या बाजूला राहतो, पण घोडा गेल्यावर जेवढा बाजूला हवा तेवढा नाही. बिल आलं, पण निम्मंच. तरी १९९९ मध्ये लिनारेसला टोपालोवनं क्रॅमनिकसारख्या माणसाविरुद्ध हा खेळलाय आणि बरोबरी घेतलीय.

लोक हमखास विसरतात ते म्हणजे न खाणं. आपण सॅक दिला की समोरचा खाणारच हे आपण धरून चालतो, आणि इंजिनमध्ये पण खाल्ल्याचीच लाईन कौतुकानं बघत बसतो. कास्पारोव विरुद्ध टोपालोव, वाइक आन झी, १९९९, बुद्धिबळातल्या सगळ्यात गाजलेल्या डावांपैकी एक. २४ व्या चालीला कास्पारोवनं हत्ती डी४ वर दिला, टोपालोवनं तो खाल्ला आणि राजा पार ए-फाईलमधून फरफटत पांढऱ्याच्या घरापर्यंत गेला. पण हत्ती न खाता राजा बी६ वर सरकवला असता तर पांढऱ्याच्या हाती फार काही नव्हतं. त्यामुळं खाल्ल्याच्या सगळ्या लाईन बघून झाल्या की राजा सरकवणं, मधेच वेगळा शह देणं, आपल्या वजिरावर उलटा मार करणं हे तिन्ही हातानं खेळून बघा, इंजिनानं सुचवलं नसलं तरी.

आकडा वाचायचा कसा यावर पण गैरसमज आहेत. स्टॉकफिशचा +१ म्हणजे एक प्यादं वर असं आता नाही. २०२२ च्या शेवटी आलेल्या १५.१ पासून +१.०० याचा अर्थ स्वतःशीच खेळताना अशा पोझिशनमधून ५० टक्के जिंकतो असा लावलेला आहे. म्हणजे उणे ०.३ आलं म्हणून सॅक मेला असं काही नाही, तो भक्कम बचावानं बरोबरीच आहे. आणि ०.०० दिसलं की लोक नाक मुरडतात, अरे मोहरा देऊन कायमचे शह मिळत असतील तर सॅक बरोबरच आहे की. खरी तुलना दुसरीच करायची, सॅक न देता तुमची सगळ्यात चांगली साधी चाल काय होती आणि तिचा आकडा किती. साध्या चालीनं +१.५ असताना सॅक देऊन ०.०० वर आलात तर नाटक झालं. साध्या चालीनं उणे २ असताना सॅकनं उणे २ च राहतंय तर बिनधास्त द्या, समोरच्याला डोकं तरी खाजवू दे. चेस डॉट कॉम दोन उद्गारचिन्हं देतं तेव्हा चांगला सॅक सापडला एवढंच म्हणतं, ते बघून स्टेटस ठेवायच्या आधी ही तुलना करून बघा.

शंका राहिलीच तर दुसरं मत घ्या. लीला हे इंजिन २०१८ पासून आहे, अल्फाझिरोच्या वाटेनं, म्हणजे स्वतःशीच खेळून शिकलेलं, स्टॉकफिशसारखं खोल खणत नाही पण बिल-कागदावर-नाही टाइपच्या सॅकना त्याचं नाक चांगलं आहे. उलट बारीक मारामारीत कधी कधी गडबडतं. दोघं एका बाजूला असले तर मी पुढं भांडत नाही. नसले तर क्यूटचेसमध्ये (इंजिनांचे सामने लावायचा प्रोग्राम) त्या पोझिशनपासून इंजिन विरुद्ध इंजिन दहा-वीस छोटे गेम लावून जेवायला जातो.

एक इशारा, इंजिनानं खेळला म्हणजे इंजिनानं मोजला असं पण नसतं. ११ मे १९९७ ला डीप ब्लू या आयबीएमच्या कॉम्प्युटरनं सहाव्या डावात कास्पारोवविरुद्ध आठव्या चालीला घोडा ई६ वर दिला, एका प्याद्यात, आणि कास्पारोव १९ चालींत उठला. लोकांना वाटलं मशीनला सॅक कळायला लागला. ती चाल त्याच्या ओपनिंग बुकात, म्हणजे सुरुवातीच्या तयार चालींच्या यादीत, माणसांनी आधीच भरलेली होती. तुमच्या ॲपमध्ये पण पहिल्या काही चाली बुकातून येत असतील तर बुक बंद करून तपासा.

राहिला आमच्या गड्याचा प्रश्न. तो जिंकला हे खरं, आणि त्याचा सॅक इंजिनाच्या दृष्टीनं कच्चा आहे हे पण खरं. पटावर देताना मी तीनच गोष्टी बघतो, समोरच्याला लागोपाठ किती एकुलत्या एक चाली सापडाव्या लागतील, त्या चाली माणसाला सुचण्यासारख्या आहेत का (राजा ई६ वर नेणं कुणाला सुचतं हो), आणि त्याच्या घड्याळात किती मिनिटं आहेत. कॉक्रेनमध्ये एकुलत्या चाली फार नाहीत, पण दहा मिनिटांच्या रॅपिडमध्ये कॅसलिंग गेलेला माणूस घाबरतो, तेवढ्यावर याचं चाललंय. हे सगळं त्याला समजावून सांगितलं, कागदावर पाच लाईन काढून दिल्या, डी४ नंतरची काळ्याची उत्तरं लिहून दिली. त्यानं कागद घडी करून खिशात घातला. पुढच्या रविवारी पहिल्याच फेरीत त्याच्यासमोर तोच इचलकरंजीचा पोरगा आला, पेट्रॉफ खेळला, यानं घोडा एफ७ वर मारला, डी४ केलं, आणि पोरानं जी६ खेळून घड्याळ दाबलं, तीन सेकंदांत. गडी माझ्याकडं वळून बघायला लागला, मी गुपचूप चहा आणायला गेलो.